कढई गार, मग विस्तव

प्रश्न : भाऊ, माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. संक्रांतीला आला तो 'पान्चेत्ता' नावाचं डुकराच्या मांसाचं पाकीट घेऊन. म्हणाला, मावशी, इटलीत हे वाटाण्यात घालतात, पंधरा मिनिटांत भाजी होते. तो गेल्यावर मी करायला घेतली. तेल तापवलं, मोहरी, लसूण, कांदा, हळद, तिखट, मग ते तुकडे, वाटाणे आणि मीठ. जीभ सोलून निघाली इतकं खारट झालं, अन् मांस म्हणजे चामडं. सासूबाईंनी तर "डुकराचं हाय म्हन्ते, मंग घरात आनलं काहून?" म्हणून कढई आधीच अंगणातल्या चुलीवर पाठवली होती. अर्धं पाकीट बर्फाच्या खणात पडून आहे. माझं चुकलं कुठे?
— एक वाचक, दिग्रस तालुका

उत्तर : ताई, तुम्ही मटण समजून केलं, तिथेच चुकलं. सुकट आणली तर आपण भाजीत ती मूठभर टाकतो, वाटीभर नाही. आणि मीठ घालायच्या आधी चव बघतो. पान्चेत्ता त्या जातीचा जिन्नस आहे. डुकराच्या पोटाचं चरबीचं मांस मीठ-मिरे लावून मुरवतात आणि काही आठवडे वाळवतात. फ्रीज नव्हते तेव्हाची ही सोय. तिकडे डुक्कर थंडीत कापायचे आणि वर्षभर पुरवायचे. म्हणजे मीठ त्यात आधीच मुरलेलं, तेल म्हणाल तर चरबीच्या रूपात तेही आहेच. तुम्ही वरून दोन्ही घातलंत.

मी जहाजावरच्या भटारखान्यात अकरा वर्षं काढली, त्यातली पहिली दोन निव्वळ कांदे-आलू सोलण्यात. मुख्य आचारी इटालियन होता. एकदा खलाशांच्या जेवणाला हेच वाटाणे माझ्यावर सोपवले. मी इमानेइतबारे मीठ घातलं. त्यानं चमचाभर तोंडात टाकलं, बोलला काही नाही, माझ्यासमोरचा मिठाचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. आठवडाभर मला त्याला हात लावू दिला नाही. तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

आता उरलेल्या अर्ध्या पाकिटाचं बघू. आदल्या रात्री ते बर्फाच्या खणातून काढून फ्रीजमध्ये खाली ठेवा. पाकीट कापायच्या आधी फुगलंय का, वास आंबूस येतोय का ते पाहायला हवं होतं, कारण पुण्याहून रात्रभराच्या ट्रॅव्हल्सनं आलेली ही वस्तू थंड ठेवायची असते. थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं. उन्हाळ्यात भाच्याला सांगा, बर्फाच्या डब्याशिवाय आणू नको.

चौघांना ऐंशी ग्रॅम पुष्कळ. हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे मोठे तुकडे करा. कढई गार असतानाच ते टाका, तेलाचा थेंब नको, आणि मग खाली मंद आच लावा. सगळी करामत या एका गोष्टीत आहे. तापल्या कढईत टाकलं की बाहेरून करपतं, चरबी आतच अडकते आणि चावताना रबर लागतं. तुमचं चामडं झालं ते असं. गार कढईपासून सुरू केलं की सातेक मिनिटांत चरबी सुटते, तुकडे पारदर्शक होतात, मग कडांना सोनेरी रंग धरतात. फोडणीचं तेल म्हणजे तीच चरबी. अंगणातल्या चुलीवर करणार असाल तर जाळ मागे ओढून निखाऱ्यावरच ठेवा.

मग एक लहान पांढरा कांदा, अगदी बारीक चिरून. आपल्याकडचा पांढरा कांदा या कामाला लाल कांद्यापेक्षा बरा, गोडसर असतो आणि भाजीचा रंग बिघडवत नाही. तो मऊ पडू द्या, तांबूस होऊ देऊ नका. त्यावर वाटाणे आणि अर्धी वाटी गरम पाणी. किलोभर शेंगांतून चारशे-साडेचारशे ग्रॅम दाणे निघतात, तेवढे घ्या. झाकण अर्धवट ठेवून आठ-दहा मिनिटं. पाणी आटून दाण्यांना चरबीची चकाकी आली की उतरवा, वरून मिरे कुटून घाला. आता चाखा. मीठ कमी वाटलं तरच चिमूटभर, पण बहुतेक वेळा लागतच नाही.

शेंगा मात्र त्याच दिवशी तोडलेल्या हव्यात. वाटाण्यातली साखर तोडल्यापासून पिठात बदलायला लागते, म्हणून आठवडी बाजारात दोन दिवस पडलेली शेंग सोलली की दाणा पिठूळ लागतो. तशीच शेंग मिळाली तर चिमूटभर साखर घाला आणि पाणी थोडं वाढवा.

मोहरी, हळद, तिखट, काहीच नको. मला ठाऊक आहे, ज्या भाजीला लाल तर्री नाही तिला आपण आजाऱ्याचं जेवण म्हणतो. एकदा करून बघा, मग बोला. सांबार, म्हणजे कोथिंबीरही घालू नका, तिचा वास सगळ्यावर चढतो. पुदिन्याची चार पानं असतील तर तोडून टाका.

इटालियन माणूस ही भाजी मुख्य पदार्थ म्हणून खात नाही. भाजलेल्या मांसाच्या किंवा मासळीच्या कडेला वाढतात, तिला 'कोन्तोर्नो' म्हणतात. शब्दाचा अर्थच मुळी कड, किनार. रोमकडे पान्चेत्ताऐवजी डुकराच्या गालाचं मांस, 'ग्वान्चाले', घालतात, नाहीतर मागच्या पायाचं 'प्रोशुत्तो'. मला विचाराल तर ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ती कडेची राहत नाही. हिवाळ्यात मी वाटाण्याऐवजी तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणेही घालतो. पण सोले आधी वेगळे उकडून घ्या, ते वाटाण्यासारखे दहा मिनिटांत शिजत नाहीत. ही माझी वऱ्हाडी भर आहे, भाच्याला सांगू नका.

सासूबाईंसाठी वेगळी कढई ठेवाच. त्यांचं बरोबर आहे, घरातलं भांडं त्यांचं आहे.

प्रश्न : पान्चेत्ता आमच्याकडे कुठून मिळणार! साधं बेकन चालेल का? की गावातलं ताजं मांस आणून घरीच मीठ लावून वाळवावं?
— एक वाचक, गोंदियाकडून

उत्तर : बेकन चालेल. त्याला धुरी दिलेली असते, ती वाटाण्यावर कुरघोडी करते. म्हणून तुकडे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून निथळून, पुसून घ्या. धूरही उतरतो आणि मीठही.

घरी वाळवायचं मात्र मनातून काढा. त्याला महिनाभर थंड, बेताची दमट जागा लागते, आणि आपला मे महिना पंचेचाळीस अंशांचा. मीठ अंदाजानं लावलं आणि आत कुजलं तर बाहेरून कळतही नाही. त्यापेक्षा ताजं पोटाचं मांस अर्धा किलो घ्या, दहा ग्रॅम मीठ तोलून चोळा, कुटलेले मिरे लावा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरून संपवा. पान्चेत्ता होणार नाही, भाजी चांगली होईल. मांस पूर्ण शिजलंच पाहिजे, आत गुलाबी दिसता कामा नये. गावात मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. मांसात तांदळाएवढे पांढरे दाणे दिसले तर ते फेकून द्या, शिजवूनही खाऊ नका.

प्रश्न : रानडुकराच्या मांसाचं असं करता येईल का? वावरात रोज येतात.
— एक शेतकरी वाचक, आर्वी तालुका

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. परवानगीशिवाय मारणं गुन्हा, मांस बाळगणंही गुन्हा. पिकाची नासाडी झाली असेल तर वनखात्याकडे लवकर अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. फोटो काढून ठेवा. मी काढले नाहीत आणि आता बसलोय, कारण वर ज्या सोल्यांची भाजी सांगितली त्या तुरीच्या बांधाकडच्या सहा तासा, म्हणजे ओळी, गेल्या मंगळवारी रात्रीतून साफ झाल्या.