डोळ्यांची आखणी कोण करणार?

प्रश्न : ताई, सावंतवाडीजवळ आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना आहे. २२ वर्षं मी शाडूच्या मूर्तींना सोंड, कान, हात जोडते. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, आता दिवसाही नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. मुलगा म्हणतो, "आई, आता पुरे." माझं काम खरंच संपलं का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : वहिनी, नाही संपलं. काचबिंदूने माझी नजर गेली त्याला १७ वर्षं झाली. मी मातीकामाला लागले ती त्यानंतरच, त्यामुळे तुमचा हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे.

पहिली गोष्ट, हात कमी ओले करा. ओल्या मातीवर पाण्याचा थर राहतो आणि बोटाला सगळं गुळगुळीतच लागतं. वाळल्यावर ओरखडे वर येतात. मी बोट पुसून, कोरडं करून मगच फिरवते. कान जोडताना दोन्ही अंगठे मुकुटाच्या मध्यावर ठेवून एकाच वेळी दोन्हीकडे खाली आणते. डावा कान तांदळाच्या दाण्याएवढा जरी खाली असला, तरी डावा अंगठा त्याच्यापाशी उशिरा पोचतो. करून पाहा, लगेच कळेल.

सोंडेचं मात्र जपा. माझ्या पहिल्याच गणपतीची सोंड रात्रीतून गळून पडली आणि मी सकाळभर रडले. अंग बरंच सुकलेलं होतं, सोंड ताजी होती. ताजी माती जास्त आकसते, सांधा तिथेच सुटतो. आता जोडण्याआधी मी दोन्ही भाग गालाला लावते. ओली माती गालाला गार लागते. दोन्हींचा गारवा सारखा लागला, की दोन्ही बाजूंना ओरखडे काढून, मातीचा दाट घोळ लावून, किंचित पिळ देत दाबायचं.

पाटाच्या मापाला गाठी मारलेली दोरी ठेवा. कोरण्या रोज त्याच जागी, त्याच क्रमाने, आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हे घरात ठणकावून सांगा. सुकी माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुफ्फुसांना वाईट.

राहिली आखणी, म्हणजे कुंचल्याने डोळे रंगवणं. ती मुलाला करू द्या. पण डोळ्याची खोबण आणि पापणीची कड मातीतच तुम्ही उठवून द्या. त्याचा कुंचला त्याच कडेवरून जाईल. नजर कुठे वळणार, हे तुमच्या बोटांनी आधीच ठरवलेलं असेल.

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, मेणाच्या छोट्या मूर्ती केल्या आणि १९७२ मध्ये तिथल्या कलाभवन या कलाशाळेच्या भिंतीवर सिरॅमिक फरश्यांचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. मुलाला हे नक्की सांगा.

आणि हो, त्याचेही डोळे एकदा तपासून घ्या. हा आजार बहुधा आनुवंशिक असतो.

यंदा मूर्तीसाठी गिऱ्हाइकांचे पाट यायला लागले, की एक लहान मूर्ती मळण्यापासून रंगाआधीपर्यंत पूर्ण तुमच्याच हातची करा. कान कसे जमले ते मला कळवा.