अंगणातले हिवाळी पाहुणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोडोलीत गच्चीवर ताटलीत ज्वारी-तांदूळ ठेवतो, पण सगळं पारवेच फस्त करतात. चिमण्या कशा येतील?

ताटली आधी उचला. माण-खटावची बाजरी नुकतीच निघाली आहे, तिची चार कणसं आणा आणि सुतळीने टांगा. लोंबत्या कणसावर पारव्याला पाय रोवता येत नाहीत. चिमण्या आणि मुनिया मात्र बिलगून दाणे टिपतात. जवळ जास्वंद किंवा मेंदीसारखं झुडूप असू द्या. शिक्रा झेपावला तर त्यांना लपायला जागा हवी. मांजराची उडी पोहोचेल इतकं खाली मात्र टांगू नका.

प्रश्न : विश्रामबागेतल्या आमच्या परसात एक लहान पक्षी सारखा शेपूट थरथरवतो. दाणे टाकले तर बघतही नाही. आजारी आहे का?

अगदी ठणठणीत आहे! हा थिरथिरा. हिमालय आणि मध्य आशियाकडून साधारण ऑक्टोबरात येतो आणि मार्चपर्यंत राहतो. नर काळा, पोट विटकरी. मादी फिकट तपकिरी. शेपूट दोघांचीही तांबूस. कंपाउंडच्या भिंतीवर बसून तो एकदम झुकतो, शेपटी थरारते, खाली झेप घेऊन मुंगी किंवा अळी उचलतो आणि पुन्हा भिंतीवर. तो कीटक खाणारा, तुमच्या दाण्यांचं त्याला काय! त्याला द्यायचंच असेल तर परसाचा एक कोपरा न झाडता ठेवा. आपल्याकडे या दिवसांत पालापाचोळा गोळा करून पेटवतात, ते बघून जीव तुटतो. या पाहुण्याचं ताटच त्यात जळतं. झाडांवर कीटकनाशकही मारू नका. मातीच्या परळात दोन बोटं पाणी ठेवा, रोज घासून बदला. पाणी दाणे खाणाऱ्यांनाही लागतं आणि किडे खाणाऱ्यांनाही.

प्रश्न : दिवाळीची उरलेली शेव-चकली पाखरांना चालेल का?

नाही. मीठ आणि तेल त्यांना बाधतं. पिकलेल्या पपईची फोड ठेवा, बुलबुल आवडीने खातील.

प्रश्न : कराडला आमच्या स्कूटरच्या आरशावर एक काळा-पांढरा पक्षी रोज सकाळी चोची मारतो. का?

शेपूट वर-खाली हलवत तुरुतुरु चालत असेल, तर तो धोबी. तोही हिवाळी पाहुणाच. कृष्णाकाठी, सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावरही ओल्या काठाने किडे वेचताना हमखास दिसेल. चरायची जागा ठरली की काही धोबी ती दुसऱ्याला वाटून देत नाहीत. आरशात त्याला दुसरा धोबी दिसतो आणि त्याला हुसकावण्यात सकाळची चरायची वेळ वाया जाते. गाडी लावली की आरशांवर कापडी पिशव्या चढवा. प्रतिबिंब दिसेनासं झालं की तो चरायला लागेल.