लुडविग कंपनीचा जुना स्नेअर ड्रम घेताय?

अरे थांब, बॅज, म्हणजे ड्रमवरची कंपनीच्या नावाची पट्टी, बघून लगेच पैसे पाठवू नकोस. कीस्टोन बॅज (कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचा) म्हणजे साठचं दशक एवढं ठीक, पण लुडविगचे सिरीयल नंबर धड क्रमाने लावलेलेच नाहीत, नंबरवरून साल अंदाजेच धरायचं. ४०० मॉडेल, म्हणजे धातूचा क्रोम चढवलेला स्नेअर, असेल तर आधी उचलून बघ, सुरुवातीचे पितळेचे, चांगलेच जड, मग १९६३च्या आसपास अ‍ॅल्युमिनियम आलं, आणि चुंबक दोन्हीला चिकटत नाही म्हणजे तो इथे बिनकामाचा. अ‍ॅल्युमिनियमवरच्या क्रोमला फोड येतात, पापुद्रे निघतात, ते नेहमीचंच, पण भाव पाडायला हक्काचं कारण! खरी वाट लागते ती नंतर पाडलेल्या भोकांनी. मी एकदा स्ट्रेनरमागची (खालच्या तारा ताणणाऱ्या खटक्यामागची) दोन भोकं बघितलीच नाहीत, जाम फसलो. आणि हो, किंमत विकल्या गेलेल्या ड्रमची बघ, नुसती मागितलेली नाही.