भयपट बघायला सुरुवात करणाऱ्यासाठी

पहिल्याच रात्री ‘हेरेडिटरी’ (2018) लावू नकोस. मी नुकताच पुन्हा पाहिला, जबरदस्तच आहे, पण भुताआधी त्यातलं घरातलं दुःखच माणसाला पिळून काढतं. आधी ‘द अदर्स’ (2001) बघ. रक्तपात जवळजवळ नाहीच. मुलांना उजेड सोसत नाही म्हणून पडदे कायम ओढलेले, आणि एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. एवढ्या नियमावर काय ताण उभा केलाय!

मग ‘द कॉन्ज्युरिंग’ (2013). त्यातला टाळ्यांचा खेळ नीट बघ. आई तळघराच्या जिन्यावर, हातात पेटलेली काडी, मागे मिट्ट काळोख आणि त्यातून पुढे येणारे नुसते दोन हात. दचकवावं तर असं, आधी ताटकळत ठेवून. अचानक कानठळ्या बसवून दचकवणारे सिनेमे मला अजिबात पटत नाहीत.

मोबाइल लांब ठेव. ‘हेरेडिटरी’त एका अंधाऱ्या खोलीत वर कोपऱ्यात कोणीतरी असतं आणि ते दाखवून द्यायला दणदणीत संगीत वाजत नाही, नजर हलली की गेलं. पडदा लहान असला तरी चालेल, हेडफोन मात्र बरे घे. आणि ट्रेलर टाळच, निम्मे धक्के तिथेच फुटतात.