पतीच्या जुन्या विवरणपत्रांच्या प्रती कशा मिळतील?

प्रश्न : तासगावला माझ्या पतींचं शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात ते गेले. सांगलीला मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. वकीलसाहेब म्हणतात, मागच्या तीन वर्षांचे रिटर्न आणा. जे सल्लागार रिटर्न भरायचे त्यांनी प्रत्येक वर्षाचा एकेक कागद दिला आणि 'हेच रिटर्न' म्हणून सांगितलं. पासवर्ड मागितला तर मागची फी बाकी आहे म्हणतात. ओटीपीसुद्धा त्यांच्याच मोबाइलवर जातो. दीर म्हणतात, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. मी काय करू? दोन कागदांच्या झेरॉक्स सोबत पाठवल्या आहेत.
– एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, तुमच्या हातात आहे ती पोचपावती. विवरणपत्र भरल्याची ती खूण आहे, विवरणपत्र नव्हे. तुमच्या दाव्यात या फरकाला पैशात मोल आहे, म्हणून आधी तेवढं नीट सांगते.

पाठवलेल्या झेरॉक्स पुन्हा समोर घ्या. 2023-24 च्या पावतीवर 'टोटल इन्कम' समोर 3,60,000 आहे, 2024-25 च्या पावतीवर 4,95,000. हा आकडा वजावटी काढून उरलेला असतो. विम्याचे हप्ते, मुलांची शाळेची फी, घरकर्जाचं मुद्दल असं कलम 80सी खाली जास्तीत जास्त दीड लाखापर्यंत वजा होतं. म्हणजे पावतीवर 3,60,000 दिसले तरी धंद्यातली कमाई त्याहून जास्त असू शकते, आणि ती फक्त पूर्ण विवरणपत्रात दिसते. आता 2024-25 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू झाली आणि तीत 80सी ची वजावट मिळत नाही. त्यामुळे कमाई साधारण तेवढीच असतानाही पावतीवरचा आकडा एकदम वाढलेला दिसतो. तुमच्याकडेही तसंच झालं असावं असं मला वाटतं. विमा कंपनीचा वकील नेमकं इथेच बोट ठेवील : एका वर्षात एवढं उत्पन्न वाढलं कसं? पूर्ण फॉर्म जोडलेला असेल तर त्याला उत्तर कागदावरच मिळतं. आणि कर शून्य होता म्हणून विवरणपत्राची किंमत कमी होत नाही, हेही लक्षात असू द्या. उत्पन्न ठरवताना न्यायालयं अशा विवरणपत्राला चांगलं वजन देतात.

वर्षांचा घोळ करू नका. पावतीवर छापलेलं असतं ते आकारणी वर्ष. 2024-25 म्हणजे एप्रिल 2023 ते मार्च 2024 ची कमाई. तेव्हा तुम्हाला हवीत ती आकारणी वर्षं 2022-23, 2023-24 आणि 2024-25. वकिलांना देताना प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीनं कमाईचं वर्ष लिहून द्या.

आता प्रती मिळवायचा रस्ता. सल्लागारांकडून पासवर्ड काढून घ्यायच्या मागे लागू नका. तो मिळाला तरी दिवंगत माणसाच्या नावानं तुम्ही लॉगिन करावं हे मला पसंत नाही. उद्या उलटतपासणीत 'ही प्रत कुठून आणली' असं विचारलं तर तुमच्याकडे सरळ उत्तर हवं. तुमच्या स्वतःच्या पॅनवर आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर नोंदणी करा, मोबाइल आणि ईमेल तुमचाच द्या. मग 'ऑथराइज्ड पार्टनर्स' मध्ये 'रजिस्टर अ‍ॅज रिप्रेझेंटेटिव्ह' निवडून मृत व्यक्तीची कायदेशीर वारस म्हणून अर्ज करा. मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन, तुमचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा स्कॅन करून जोडावा लागतो. पुरावा म्हणून न्यायालयाचं किंवा महसूल अधिकाऱ्याचं वारस प्रमाणपत्र चालतं, नोंदणीकृत मृत्युपत्रही चालतं. दाव्यासाठी वारस दाखला काढला असेल तर तोच वापरा. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आधीच बघा. आपल्याकडे एकावर वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असतं, आणि अर्ज परत येतो.

मंजुरी आली की तुमच्याच लॉगिनमधून त्यांच्या खात्यात जाता येतं. 'ई-फाइल', त्यात 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', त्यात 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'. प्रत्येक वर्षासमोर पूर्ण फॉर्म, पोचपावती आणि कलम 143(1) ची सूचना उतरवून घ्यायची सोय असते. तिन्ही घ्या. ती सूचना फार कामाची, कारण विवरणपत्र खात्यानं तपासून हातावेगळं केल्याचा तो खात्याचाच कागद आहे. तिची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो : त्यांचं पॅन लहान अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी.

दीर म्हणतात तो माहिती अधिकाराचा मार्ग आत्ता नको. आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात म्हटलं आहे, आणि माहिती अधिकारी त्याच आधारानं अर्ज फेटाळू शकतो. अपिलात महिने जातील. जे पोर्टलवर वारसाला मिळतं त्यासाठी तिकडे कशाला जायचं?

मंजुरी येईपर्यंत एक काम करा. दुकानासाठी किंवा गाडीसाठी कर्ज काढलं होतं का? बँक किंवा पतसंस्था कर्जाच्या फाइलला तीन वर्षांची विवरणपत्रं आणि उत्पन्नाची गणना लावून घेते. शाखेत जाऊन त्या फाइलमधल्या प्रती लेखी अर्जानं मागा. अपघाताच्या आधीपासून बँकेत पडून असलेल्या कागदावर कुणी सहजासहजी शंका घेत नाही.

सल्लागारांची फी खरोखर बाकी असेल तर ती हिशेबानं द्या. पण फीसाठी विधवेचे कागद अडवून ठेवणं मला मान्य नाही, मीही हाच व्यवसाय करते. अशिलाच्या खात्याला स्वतःचा मोबाइल जोडायची आमच्यातली सवय बंद व्हायला हवी. वाचकांनी आजच आपलं प्रोफाइल उघडून तिथे कुणाचा नंबर आहे ते बघावं.

अपघाताच्या वर्षाचं, म्हणजे 1 एप्रिल 2024 पासून त्यांच्या निधनापर्यंतच्या कमाईचं विवरणपत्र भरणं लागू होत असेल, तर ती जबाबदारी वारसाची. ते भरताना आकडा फुगवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मृत्यूनंतर भरलेल्या विवरणपत्राकडे संशयानंच बघतात, आणि त्याच्यामुळे आधीची तीन खरी विवरणपत्रंही संशयात येतील.

पोर्टलवरून उतरवलेल्या प्रती न्यायाधिकरणात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं, म्हणजे संगणकावरून काढलेली प्रत अस्सल असल्याचं, प्रमाणपत्र सोबत लावायचं का, ते वकीलसाहेबांना आधीच विचारा. ज्या संगणकावरून प्रती काढाल त्याचा तपशील त्यात लागतो, म्हणून सायबर कॅफेपेक्षा वकिलांच्या ऑफिसात बसूनच त्या काढलेल्या बऱ्या.