फिजिओच्या पोस्टिंगला दिवसभर शेकच द्यायला लावतात, मॅडम शिकवत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय, बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहात, नवी मुंबईत पोस्टिंग (प्रत्यक्ष पेशंटवर शिकण्याची पाळी) चालू आहे, मॅडम लॉगबुकवर (केसच्या नोंदवहीवर) सही करतात पण शिकवत काहीच नाहीत, सगळा वेळ हॉट पॅक (गरम शेकाच्या पिशव्या) आणि आयएफटी (दुखणं कमी करणारा विजेचा सौम्य प्रवाह) लावण्यात जातो. मीही नवी मुंबईतच शिकले. आता ठाण्यात ओपीडी बघते, हाताखाली इंटर्न असतात. म्हणजे तुमच्या त्या मॅडमच्या खुर्चीत सध्या मीच बसलेय.

आधी त्या शेकाबद्दल. विद्यार्थी असताना मी एका काकांच्या पोटरीवर हॉट पॅक ठेवला. मधुमेह जुना, त्यात पायांची संवेदना कमी होऊ शकते. पॅक ज्या टाकीत असतात तिचं पाणी ७०-७५ अंश सेल्सिअसचं, म्हणून पॅक आणि कातडी यांच्यामध्ये टॉवेलचे ६ ते ८ थर लागतात. सकाळची गर्दी होती, टॉवेल धुवायला गेलेले, मी चार थरांवर भागवलं. गरम आणि थंड पाण्याच्या टेस्ट ट्यूब लावून संवेदना तपासायची असते, तीही तपासली नाही. पाच मिनिटांनी विचारलं, "काका, फार गरम नाही ना?" "नाही गं पोरी, छान वाटतंय." पॅक काढला तर पोटरीवर फोड! त्यांना चटका बसलेला कळलाच नव्हता. जवळपास एकही सीनियर नव्हता हे खरं. पण कुणाला बोलवायला मीसुद्धा उठले नव्हते. शेकात काय शिकायचं, असं मला तरी तेव्हापासून वाटत नाही.

आता मॅडमची बाजू. एका वेळी चार टेबलं चालू असतात, बाहेर नंबर लागलेले, वर वॉर्डातून कॉल. अशात कुणी "मॅडम, शिकवा ना" म्हणालं तर खरंच सुचत नाही कुठून सुरुवात करू. पण परवा आमची एक इंटर्न आली आणि म्हणाली, "मॅडम, त्या रबाळ्याच्या पेशंटचा गुडघा ७५ अंशच वाकतोय, गेल्या आठवड्यात ८० होता. एकदा बघता का?" मी हातातलं टाकून गेले. तिनं गोनिओमीटरची (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाची) स्थिर दांडी मांडीच्या वरच्या फुगीर कडेनं धरली होती. ती ग्रेटर ट्रोकँटरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरून लागणाऱ्या उंचवट्याच्या, रेषेत हवी. तिच्याच हातानं हाडं चाचपून घेतली, दांडी सरळ केली, ८४ भरले. पेशंट खूश, "वाढलं का हो मॅडम?" गुडघा तोच होता बिचाऱ्याचा! सगळं मिळून चार मिनिटं गेली असतील, पण ती मुलगी आता दांडी चुकीची धरणार नाही.

तुम्हीही असंच करून बघा. रोज एकच पेशंट नीट तपासा आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जा, शक्यतो ओपीडी ओसरल्यावर. "काय करू?" असं मोघम विचारू नका. "मला असं सापडलं, म्हणून असं करावं वाटतं, बरोबर आहे का?" असं विचारा. दहापैकी दोनदा उडवून लावतील. लावू देत.

काही गोष्टी मात्र मॅडम समोर नसताना करूच नका, कितीही घाई असली तरी. आयसीयूतलं सक्शन (नळीनं कफ ओढून काढणं), ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उभं करणं, पॅरालिसिसच्या पेशंटचा दुखरा खांदा. तो लुळा हात ओढून उठवणारे नातेवाईक रोज दिसतात, त्यात आपली भर नको. सरळ म्हणा, "मी हे आधी केलेलं नाही, पहिल्यांदा तुमच्यासमोर करते." यावर कुणी चिडलंच तर चिडू दे, आणि तरीही एकटीला किंवा एकट्याला पाठवत असतील तर कॉलेजच्या पोस्टिंग इनचार्जना लेखी कळवा. न बघितलेल्या केसवर सही घेण्याचा प्रकारही सर्रास चालतो. परीक्षेत एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) त्याच केसवर बोट ठेवलं की फजिती होते, सांगून ठेवते.

जागा निवडायची संधी मिळाली तर सरकारी किंवा महापालिकेचं रुग्णालय घ्या. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आहेत, मशीनमध्ये सापडलेले हात येतात, लोकलमधून पडलेले येतात. चकचकीत क्लिनिकमध्ये मानदुखी आणि पाठदुखीच जास्त. तुमच्या साडेचार वर्षांच्या कोर्सात इंटर्नशिप सहाच महिन्यांची असते, तोवर हात बसलेला बरा. केसच्या नोंदी मी ट्रान्स हार्बरच्या गाडीत लिहायचे. ठाणे ते वाशी अर्धा तास मिळतो, बसायला जागा मिळाली तर.

आणि उद्या गेल्यावर आधी टॉवेल मोजा. कमी असले तर मावशींकडून किंवा वॉर्डातल्या मामांकडून मागून आणा.