टेमाला येताय आणि घरमालक कोंबड्याच्या पक्षाचा आहे, तर...

तुम्ही विचारलंय की घानात टेमाच्या नोकरीचं पक्कं झालंय, कंपनीनं बघितलेल्या घराचा मालक सी.पी.पी. नावाच्या पक्षाचा पदाधिकारी निघालाय, तर राजकारण्याच्या घरात राहावं का? आणि चौथीतल्या मुलीला बरोबर आणावं का? व्हिसा, यलो फीव्हरची लस वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, ते मी सांगत बसत नाही. पण दुसरा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. खुशाल राहा. 'पदाधिकारी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पांढरी स्कॉर्पिओ आली असेल, तर ती पुसून टाका. सी.पी.पी. म्हणजे कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी, निशाणी लाल कोंबडा. ती क्वामे एन्क्रुमांनी १९४९ला काढली. १९५१ला ते राजधानी अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात होते, तिथूनच निवडून आले आणि सुटले ते थेट सरकार चालवायला. १९५७चं स्वातंत्र्य याच पक्षानं आणलं. तुम्ही ज्या बंदराच्या गावी येताय ते, अक्रा-टेमा मोटरवे, अकोसोम्बोचं धरण, सगळं त्यांच्याच काळातलं. पुढे १९६४ला त्यांनी बाकीच्या पक्षांची दारं बंद केली, १९६६ला लष्करानं त्यांनाच घालवलं, आणि बंदी यांच्याच पक्षावर आली.

आता सगळा खेळ छत्री आणि हत्तीचा, म्हणजे एन.डी.सी. आणि एन.पी.पी. या दोन मोठ्या पक्षांचा. २०२०ला संसदेत दोघांच्या १३७-१३७ जागा, एक अपक्ष. लाल कोंबड्याला शून्य. अध्यक्षपदाच्या त्यांच्या उमेदवाराला ०.०९ टक्के. मी पेणचा, आजोबा शेकापचे, लाल बावटा आणि खटारा बघतच मोठा झालो, त्यामुळे उतरता पक्ष मला नवा नाही. पण शेकापला निदान रायगड तरी होता. इथे एन्क्रुमांच्या मुलीनं, सामिया एन्क्रुमांनी, २००८ला जोमोरोची एक जागा काढली होती, तीही पुढच्या खेपेला गेली.

माझा पहिला घरमालक याच पक्षाचा. बंदरात नोकरी करून निवृत्त झालेला, सत्तरीचा. आम्ही पापा म्हणायचो. भिंतीवर एन्क्रुमांचा फोटो, बाजूला कॅलेंडर. त्यांनी दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागितलं. इथे सगळेच मागतात. पुढे मला कळलं की सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ मागणं गुन्हा आहे आणि तो कायदा १९६३चा, म्हणजे एन्क्रुमांच्याच सरकारचा. मी चहा पिता पिता म्हटलं, पापा, हा तर तुमच्याच पक्षाचा कायदा. ते म्हणाले, "तेव्हा मी भाडेकरू होतो."

कागदपत्रांचं एकच सांगतो. बायकोच्या पासपोर्टावर माहेरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, असं असेल तर तिकडूनच निस्तरून या. आमचा पाच महिने छळ झाला. तेवढे दिवस पासपोर्ट इथल्या सरकारी ऑफिसात, त्यामुळे मेहुणीचं लग्न हुकलं. ते बायको अजून काढते.

आता मुलगी. माझी मराठी माध्यमातून पाचवीत गेलेली. इथल्या शाळेनं इंग्रजी कच्चं म्हणून तिला दोन इयत्ता खाली बसवलं. अपूर्णांक येणारी पोर, सात वर्षांच्या मुलांत, सगळ्यांत उंच म्हणून शेवटच्या बाकावर. पुढच्या टर्मला बघू म्हणाले. पुढच्या टर्मला तेच. दोन वर्षांनी बायको तिला घेऊन पेणला परत गेली. मी सगळ्यांना शाळेचंच नाव सांगतो. खरं असं आहे की प्रवेशाच्या फॉर्मवर कुठली इयत्ता ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तो कारखान्याच्या गेटवर, गाडीच्या बॉनेटवर ठेवून, फोनवर बोलता बोलता सही करून दिला. हेडबाईंना भेटायला गेलो तो दोन महिन्यांनी. शिफ्ट होती. शिफ्ट रोजच असते. तुम्ही फॉर्म वाचा आणि पहिल्याच आठवड्यात भांडा.

एकटेपणाचं म्हणाल तर काही होत नाही. तूरडाळ मिळते, क्रिकेटचा ग्रुप आहे, घड्याळ साडेपाच तास मागे, त्यामुळे इथे जेवायला बसेपर्यंत तिकडे सगळे झोपलेले असतात. सवय होते.

निवडणुकीची भीती असेल तर डिसेंबरात आठवडाभराचं वाणसामान भरून ठेवा आणि सभांच्या वाटेला जाऊ नका. २०२०ला काही ठिकाणी माणसं गेली, खोटं कशाला सांगू. टेमात आमच्याकडे शांत होतं. पाच वाजता मतदान संपलं की मोजणी तिथेच, सगळ्यांसमोर. अधिकारी एकेक मतपत्रिका वर धरून दाखवतो आणि चिन्ह ओरडतो. आमचं केंद्र गल्लीच्या तोंडाशी, मांडवात. मी कुंपणाच्या आतून बघत होतो. अंधार पडला, टॉर्च आले. हत्ती, छत्री, हत्ती, छत्री. मध्येच "कोंबडा" झालं आणि लोक हसले. पापांनी टोपी काढून हलवली. बऱ्याच वेळानं आणखी एक कोंबडा. पापा हसायचे थांबले. रात्री माझ्याकडे आले, तर एकच प्रश्न: दुसरं मत कुणाचं? त्यांच्या बायकोनं बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, मी छत्रीला दिलं. पुढची चार वर्षं ते गल्लीतल्या एकेका माणसाकडे त्या नजरेनं बघायचे.

मी आता कंपनीच्या क्वार्टरमध्ये असतो. ७ डिसेंबर २०२४ला रात्री दहाला त्यांचा फोन आला. नेहमीसारखं आधी मुलीचं विचारलं, कितवीत गेली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीन."

तुमच्या मालकाकडून आगाऊ भाड्याची पावती मात्र घ्या.